नव्या ट्यूब घेण्याआधी दोन रेझिस्टर लावून बघा: ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणि ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्पची जुळणी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. काकांचा जुना क्वाड ४०५, म्हणजे स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टरचा पॉवर अ‍ॅम्प, घरी आला. डीएसीचा (डिजिटल गाण्याचं विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या पेटीचा) आवाज डीएसीवरूनच कमीजास्त करत तुम्ही तो थेट ४०५ ला जोडून ऐकत होता आणि तक्रार काही नव्हती. मग ‘ट्यूबचा गोडवा’ हवा म्हणून एकाच १२एयू७ ट्यूबवर चालणारा छोटा प्रीअ‍ॅम्प (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल वाढवणारी पेटी) मध्ये आणला. तेव्हापासून व्हॉल्यूमचं बटण जेमतेम घड्याळातल्या आठ-साडेआठच्या काट्यापर्यंत जातं, त्यापुढे घरातले ओरडतात. गाणं थांबलं तरी स्पीकरमधून बारीक ‘स्स्स’ चालूच. आणि तबल्याचा डग्गा पूर्वीसारखा भरत नाही. ओळखीच्या एकाने सांगितलं की जुन्या मुलार्ड किंवा टेलिफंकन कंपनीच्या ट्यूब टाक, सगळं सुधारेल. त्या दोघांपैकी कुठल्या घ्याव्यात, एवढंच तुम्ही विचारलंय.

तूर्तास कुठल्याच घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींचा ट्यूबच्या कंपनीशी फारसा संबंध नाही. दोन पेट्या एकमेकींसाठी बनलेल्या नाहीत आणि मधे जुळवाजुळव कोणी केलेली नाही, एवढाच मामला आहे. जुळवायच्या गोष्टी मुख्यतः दोन. पहिली, सिग्नल एकूण किती पट वाढतोय. दुसरी, प्रीअ‍ॅम्पला पुढचा बोजा पेलतोय का.

पहिल्यापासून सुरू करू, कारण तुमच्याकडे खरा घोळ तिथे आहे. क्वाड ४०५ हा १९७५ सालचा अ‍ॅम्प. ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट द्यायला त्याला फक्त अर्धा व्होल्ट लागतो, कारण तो क्वाडच्याच ३३ सारख्या प्रीअ‍ॅम्पपुढे बसवायला काढला होता आणि ते प्रीअ‍ॅम्प तेवढंच देत. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. तेव्हापासून सीडी प्लेअर आणि पुढे डीएसी यांचा आउटपुट साधारण २ व्होल्ट असा रिवाज पडला. म्हणजे तुमचा डीएसी एकटाच, मधे काहीही नसताना, ४०५ ला हवं त्याच्या चौपट देतोय. त्याच्यापुढे तुम्ही अजून एक वाढवणारी पेटी जोडलीत.

माहितीपत्रकात प्रीअ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढतो तो आकडा) २३ डीबी लिहिलाय असं तुम्ही म्हणता, म्हणजे साधारण १४ पट. ४०५ च्या बोज्याखाली तो घसरून दहा पटीच्या आसपास येतो, का ते पुढे सांगतो. तरीही हिशेब बघा. पूर्ण १०० वॉटला प्रीअ‍ॅम्पच्या आत जायला हवेत फक्त ०.०५ व्होल्ट, आणि डीएसी देतोय २ व्होल्ट. चाळीस पट, म्हणजे ३२ डीबी, बटणानेच कापायचे. आणि १०० वॉट घरात कोण ऐकतंय? साध्या बैठकीच्या खोलीत रात्री गाणं ऐकताना सरासरी एक वॉटसुद्धा लागत नाही. एक वॉट धरला तरी आणखी २० डीबी खाली, एकूण ५२. व्हॉल्यूमचा साधा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) इतका खाली आणला की त्याचे डावे-उजवे भाग नीट बरोबरीने चालत नाहीत. गायक मधून डावीकडे सरकलेला वाटत असेल तर त्याचं कारण तिथे आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण एकदा कान देऊन बघा.

आता ‘स्स्स’. तुमच्या प्रीअ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूमचा पॉट ट्यूबच्या आधी आहे, बहुतेक प्रीअ‍ॅम्पमध्ये तसाच असतो. त्यामुळे बटण शून्यावर नेलं तरी ट्यूबची स्वतःची सळसळ पुढे तशीच जाते आणि अर्ध्या व्होल्टला पेटणारा ४०५ ती इमानेइतबारे मोठी करून दाखवतो. हाच प्रीअ‍ॅम्प दीड-दोन व्होल्ट लागणाऱ्या अ‍ॅम्पला लावला असता तर तुम्हाला ती कदाचित ऐकूही आली नसती. ट्यूब बदलून सळसळ थोडी कमी होऊ शकते, नाही असं नाही. पण इथे जो फरक पाडायचाय तो नुसती ट्यूब पाडणार नाही.

दुसरी गोष्ट बोज्याची. तुम्ही सांगितलंत की दोन्ही चॅनेलना मिळून एकच १२एयू७ आहे. या ट्यूबच्या एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात, तेव्हा प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला एकच येतो. गेन तोच देतो आणि पुढची केबलही तोच ओढतो. चांगल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये शेवटी कॅथोड फॉलोअर नावाचा वेगळा टप्पा ठेवतात. तो आवाज वाढवत नाही, पण त्याचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला आतूनच होणारा अडथळा) काहीशे ओहमवर येतो आणि पुढे काय जोडलंय याची त्याला फिकीर राहत नाही. तुमच्याकडे त्याला जागाच नाही. नुसत्या प्लेटवरून (ट्यूबच्या वाढलेला सिग्नल देणाऱ्या टोकावरून) घेतलेल्या १२एयू७ चा आउटपुट इम्पीडन्स, सर्किट कसं आहे त्यावर, साधारण ७ किलोओहमपासून १५-१६ किलोओहमपर्यंत कुठेही असतो. तुमचा २३ डीबी गेन बघता तो खालच्या टोकाला, ७ च्या आसपास असावा.

ठोकताळा असा की पुढच्या पेटीचा इनपुट इम्पीडन्स मागच्याच्या आउटपुटच्या निदान दहापट असावा. सातला सत्तर हवेत. ४०५ चा आहे २० किलोओहम. इथेच पाव हिश्शाहून जास्त सिग्नल प्रीअ‍ॅम्पमध्येच जिरतो, म्हणून वर चौदाचे दहा झाले. तुमच्याकडे गेन उतू जातोय म्हणून ते दुःखाचं नाही. पण ट्यूबला जड बोजा ओढायला लावला की तिची विकृतीही (डिस्टॉर्शन) वाढते, आणि खालच्या स्वरांचं वेगळंच होतं.

ट्यूबच्या प्लेटवर शे-दोनशे व्होल्ट डीसी असतो, तो अडवायला आउटपुटला एक कपॅसिटर असावाच लागतो. तुमच्या फोटोत पिवळे ०.२२ मायक्रोफॅरडचे, ४०० व्होल्टचे दिसतायत. हा कपॅसिटर आणि पुढचा-मागचा इम्पीडन्स मिळून खालचे स्वर कापणारा फिल्टर तयार होतो. ०.२२ आणि एकूण २७ किलोओहम घेतले तर ३ डीबीचा कट २७ हर्ट्झला येतो. तेच पुढे १०० किलोओहमचा पॉवर अ‍ॅम्प असता तर ७ हर्ट्झच्या खाली गेला असता, आणि तुम्ही ही तक्रार घेऊन आलाच नसता. कपॅसिटर तोच, ट्यूब तीच. माहितीपत्रकातला आउटपुट इम्पीडन्स बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो, तिथे या कपॅसिटरचा अडथळा किरकोळ असतो. २० हर्ट्झला तोच कपॅसिटर एकटा ३६ किलोओहमचा अडथळा होऊन बसतो. म्हणून ‘स्टिरिओफाइल’सारखं मासिक प्रीअ‍ॅम्प मोजताना इम्पीडन्स २० हर्ट्झलाही देतं. खरेदीआधी बघायचा आकडा तो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर २७ हर्ट्झचा कट एवढाही भयंकर नाही. काळी एक मध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला येतो. तिथे तुमचं नुकसान अर्ध्या डीबीच्या थोडं वर. ४० हर्ट्झला दीड डीबीच्या आसपास. डग्ग्याचा घुमारा थोडा आटेल, पण तुम्ही वर्णन करता तितका नाही. माझा अंदाज असा की उरलेलं काम कानच करतोय. बटण इतकं चटकन चढतं म्हणून तुम्ही नकळत पूर्वीपेक्षा हळू ऐकताय, आणि आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला खालचे स्वर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. तपासायचं असेल तर फोनवरच्या साध्या साउंड मीटरने दोन्ही जोडण्यांत आवाज सारखा करून घ्या आणि मग तीच बंदिश ऐका. तुलना करताना ही एक गोष्ट लोक हमखास सोडतात.

उपाय. दोन १०० किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, पाव वॉटचे पुरतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चहाच्या किमतीत मूठभर मिळतील. प्रत्येक चॅनेलच्या सिग्नलच्या तारेत, पॉवर अ‍ॅम्पच्या टोकाला, एक-एक रेझिस्टर मालिकेत जोडा. बस. काय होतं ते बघा. रेझिस्टर आणि ४०५ चे २० किलोओहम मिळून सिग्नलचा सहावा भाग होतो, म्हणजे १५.६ डीबी खाली. बोजा हलका झाल्याने दोनेक डीबी परत मिळतात, निव्वळ घट १३-१४ डीबीची. ट्यूबची सळसळ तेवढीच खाली. बटण आठवरून दहा-अकराकडे सरकतं, जिथे डावं-उजवं नीट चालतं. प्रीअ‍ॅम्पला आता २० ऐवजी १२० किलोओहम दिसतात, त्याच्या सतरापट. आणि त्याच ०.२२ च्या कपॅसिटरचा कट २७ वरून सहा हर्ट्झच्या खाली जातो. तिन्ही तक्रारींवर एकच औषध, आणि पटलं नाही तर सोल्डर काढून पूर्ववत.

‘पॉवर अ‍ॅम्पच्या टोकाला’ यावर मुद्दाम जोर देतोय. रेझिस्टर प्रीअ‍ॅम्पच्या टोकाला बसवलात तर त्याच्यापुढे अख्खी केबल येते, आणि मीटरला शंभर पिकोफॅरड या हिशेबाने तिची कपॅसिटन्स वरचे स्वर मंद करते. जुन्या ४०५ ला आरसीए (हल्लीची नेहमीची गोल, एका पिनेची जोडणी) नसून चार पिनांचं डिन सॉकेट असतं, तेव्हा तुमच्याकडे आरसीएवरून डिनवर जाणारी केबल असणार. डिन प्लगचं कवच उघडा, सिग्नलच्या दोन तारा पिनांपासून सोडवा, प्रत्येक रेझिस्टरचा एक पाय जेमतेम चार-पाच मिलिमीटर ठेवून पिनला सोल्डर करा आणि दुसऱ्या पायाला तार. दोन्हींवर हीटश्रिंक स्लीव्ह चढवायला विसरू नका, कारण त्या कवचात जागा इतकी कमी असते की बंद करताना पाय अर्थच्या जाळीला टेकतो आणि एक चॅनेल मुका होतो. अर्थच्या तारेला हात लावायचा नाही. कोणती पिन कोणत्या चॅनेलची हे इंटरनेटवरच्या चित्रावरून न ठरवता मल्टिमीटर लावून स्वतः बघा. डिनच्या जोडण्यांत अदलाबदल फार आढळते.

‘कपॅसिटरच मोठा टाकला तर?’ हा पुढचा प्रश्न येईलच. ०.२२ च्या जागी १ मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन टाकला तर कट रेझिस्टरशिवायही सहा हर्ट्झच्या जवळ जाईल. चालतं. पण गेन आणि सळसळ तशीच राहील, चालू करतानाचा धक्का मोठा होईल, आणि त्यासाठी पेटी उघडावी लागेल. आत अडीच-तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही बराच वेळ टिकतो. व्हॉल्व्हचे रेडिओ उघडलेल्या माणसाकडून करून घ्या. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात घेणाऱ्याचं ते काम नाही.

ट्यूब बदलण्याबद्दलही बोलून घेऊ, कारण तो मोह जाणार नाही. १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२. तिच्या जागी १२एएक्स७, म्हणजे ईसीसी८३, पिनांच्या दृष्टीने बसते, आणि ‘ती जास्त गोड’ असं कोणीतरी सांगेलच. तिचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूब जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते तो आकडा) १०० आणि १२एयू७ चा १७-१८. आतला रोध ६० किलोओहमच्या वर, हिचा साधारण ७.७. तुमच्या दोन्ही अडचणी तिने वाढतील. १२एयू७ च्या जागी १२एयू७ च टाकायची असेल तर आधी चालू असलेल्या ट्यूबच्या काचेवर पेन्सिलीच्या रबराने हलकेच टिचकी मारून बघा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमला तर ती मायक्रोफोनिक झालीय आणि बदलणं रास्त आहे. तेव्हाही आधी चालू उत्पादनातली साधी ट्यूब आणा. जुन्या नावांच्या ट्यूबचं छापील नाव खरं आहे का ते ओळखणं हा वेगळाच धंदा आहे आणि त्यात पैसे खरेदी करणाऱ्याचे जातात.

हे सगळं केल्यावर ‘गोडवा’ येईल का? इथे माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. ट्यूब पॉवर अ‍ॅम्पचा जो स्वभाव लोकांना आवडतो, त्याचा मोठा भाग आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून आणि स्पीकरला दिसणाऱ्या जास्त आउटपुट इम्पीडन्समधून येतो. प्रीअ‍ॅम्पमध्ये स्पीकरशी असा संबंधच नसतो. नीट जुळवलेला १२एयू७ चा टप्पा अर्ध्या-एक व्होल्टला थोडी दुसऱ्या हार्मॉनिकची (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येच्या स्वराची) भर घालतो, तीही अगदी कमी. जुळणी चुकलेल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये जो ‘मऊपणा’ ऐकू येतो तो पुष्कळदा कापलेले टोकाचे स्वरच असतात. तो तुम्हाला आवडत असेल तर आवडू द्या, गाणं तुमचं आहे. पण तो दुर्मिळ ट्यूबमुळे येतोय असं समजून पैसे घालू नका. रेझिस्टर लावल्यावर दोन-तीन आठवडे ऐका, मग प्रीअ‍ॅम्प काढून डीएसी पुन्हा थेट जोडा. रेझिस्टर तसेच राहू द्या, त्यांच्यामुळे डीएसीलाही बटण फिरवायला जागा मिळेल. फरक जाणवला नाही तर प्रीअ‍ॅम्प विकायला संकोच नको. उद्या टर्नटेबल आलं किंवा अनेक उपकरणं एका बटणावर हवी झाली, तर गोष्ट वेगळी.

ट्यूब प्रीअ‍ॅम्पची खरी गरज असते अशाही जोड्या आहेत, नाहीतर मी ट्यूबच्या विरुद्धच आहे असं वाटायचं. अ‍ॅम्प डिझायनर नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॉट कंपनीचा एफ४ घ्या. हा २५ वॉटचा पॉवर अ‍ॅम्प व्होल्टेज अजिबात वाढवत नाही, फक्त करंट देतो. ८ ओहमला २५ वॉट म्हणजे १४ व्होल्ट, ते सगळे प्रीअ‍ॅम्पनेच द्यायचे. १५-१५ व्होल्टवर चालणाऱ्या ऑप-अ‍ॅम्पच्या (छोट्या चिपच्या) प्रीअ‍ॅम्पला तिथे धाप लागते. अडीचशे व्होल्टवर चालणाऱ्या ट्यूबला ते सहज जमतं, आणि तिथे तुमचा २३ डीबी गेन सोन्याचा ठरला असता. उलट टोकाला काही क्लास-डी मॉड्यूल्स (वेगाने चालू-बंद होत चालणारे तयार अ‍ॅम्प) आहेत ज्यांचा इनपुट जेमतेम १० किलोओहम असतो. तिथे फॉलोअर नसलेली ट्यूब लावायचीच नाही. यापलीकडे स्पीकर किती सेन्सिटिव्ह (तेवढ्याच सिग्नलला किती मोठ्याने वाजतो), केबल किती लांब, खोली केवढी यावरही बरंच ठरतं. ८४ डीबीच्या स्पीकरला जी सळसळ ऐकूच येत नाही ती ९६ च्या हॉर्नला छळते. तुम्ही स्पीकरचं नाव दिलं नाहीत, म्हणून १०० किलोओहम हा मधला आकडा सुचवलाय. अजूनही बटण फार खाली राहिलं तर १५०, वर जागा अपुरी वाटली तर ६८.

शेवटी चालू-बंद करण्याचा क्रम, जो तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या वूफरसाठी तोच जास्त महत्त्वाचा आहे. प्रीअ‍ॅम्पमधला तो कपॅसिटर चार्ज होताना आउटपुटला एक मोठा, संथ धक्का येतो. ट्यूब पॉवर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर तो बराचसा गिळतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प, विशेषतः इनपुटला कपॅसिटर नसलेला, तो थेट स्पीकरला पोचवतो आणि कोन बाहेर फेकलेला डोळ्यांना दिसतो. म्हणून आधी प्रीअ‍ॅम्प, एक-दोन मिनिटं थांबून पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प, त्याचा आवाज पूर्ण विरला की मगच प्रीअ‍ॅम्प. दोन्ही एकाच स्पाइक बोर्डवर आणि एकाच बटणावर असतील तर आजच वेगळे करा. आणि लाइट गेली की उठून ४०५ च्या प्लगचं बटण बंद करायची सवय लावा. नाहीतर लाइट येते तेव्हा ४०५ क्षणात जागा होतो, ट्यूब पंधरा-वीस सेकंदांनी तापते, आणि तो धक्का चालू अ‍ॅम्पला बसतो.

प्रीअ‍ॅम्प तापल्यावर, ४०५ जोडण्याआधी, मल्टिमीटर डीसीच्या मिलिव्होल्ट रेंजवर ठेवून प्रीअ‍ॅम्पच्या दोन्ही आउटपुट सॉकेटवर एकदा लावा. काटेकोर शून्य हवं असं नाही, पण दोन मिनिटांनीही आकडा काही मिलिव्होल्टच्या वर टिकून असेल तर तो पिवळा कपॅसिटर गळतोय, तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुमच्याकडे रात्री व्होल्टेज २५० पर्यंत चढतं असं तुम्ही लिहिलंय. त्या हिशेबाने ६.३ व्होल्टचा हीटर ६.८ च्या वर तापतो आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. जुन्या मुलार्डसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून प्रीअ‍ॅम्पपुरता छोटा स्टॅबिलायझर येईल.